रसायनाची सुरक्षितता तपासायला कुठल्या मानवी पेशी घ्याव्यात? (फवारणीतल्या स्टिकरच्या निमित्ताने)

निळीशाई

नमस्कार मंडळी,

मी विषशास्त्रात काम करते. प्रयोगशाळा लहान, माणसं मोजकी. सध्या एक काम आलं आहे. फवारणीच्या द्रावणात थेंब पानावर पसरावा आणि चिकटून राहावा म्हणून शेतकरी स्टिकर घालतात, त्याचे काही नमुने फवारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने किती सुरक्षित आहेत याची तुलना करायची आहे. कीटकनाशकावर सगळ्यांची नजर असते, स्टिकरकडे मात्र साबणाचं पाणी म्हणून बघितलं जातं. युरोपात २०१६ साली ग्लायफोसेटच्या तणनाशकांमधून पीओईए नावाचा पसरवणारा घटक काढून टाकायला लावला. पेशींवरच्या चाचण्यांत तो खुद्द ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी जास्त घातक ठरतो. त्यामुळे हे काम मला महत्त्वाचं वाटतं.

प्राणी वापरायचे नाहीत, मानवी पेशींवरच करायचं, हे ठरलं आहे. फ्रीझरमध्ये हेप-जी-टू (यकृत), ए-५४९ (फुफ्फुस), हेक-२९३ (मूत्रपिंड म्हणतात ते) आणि हॅकॅट (त्वचा) आहेत. "आहेत त्या चार घे, एमटीटी लाव, आयसी-५० काढ, अहवाल दे," असं वरून सांगणं आहे. (एमटीटी म्हणजे किती पेशी जिवंत उरल्या हे रंगावरून मोजणं, आयसी-५० म्हणजे ज्या मात्रेला निम्म्या पेशी निकामी होतात ती.)

माझं मत असं की फ्रीझरमध्ये काय आहे यावरून सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला एकाच मूळच्या पेशींचा वाण) निवडली, तर आकडे मिळतील पण उत्तर मिळणार नाही. रसायन अंगात कुठून शिरतं, अंगात गेल्यावर त्याचं काय होतं आणि इजा कुठे होते, हे आधी बघायचं आणि मग पेशी. पण हे पटवून द्यायला मला ठोस मुद्दे हवेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. तीन, फार तर चार सेल लाइन परवडतील. तुम्ही कुठल्या घ्याल आणि का?

---

लॅबकर

हेप-जी-टू सोडू नका. जगभर तिच्यावर एवढं काम झालंय की तुमचा आकडा कुणाच्याही आकड्याशेजारी ठेवता येतो. अमेरिकेच्या टॉक्स-२१ कार्यक्रमात सुमारे १०,००० रसायनं तपासली, त्यातल्या बऱ्याच चाचण्या हेप-जी-टू आणि हेक-२९३ वरच होत्या. वाढायला सोपी, स्वस्त, नखरे नाहीत. लहान प्रयोगशाळेने आधी पुन्हा-पुन्हा तोच आकडा येतोय का ते बघावं. महागड्या पेशी आणून दर वेळी वेगळा निकाल येत असेल तर काय उपयोग?

---

चहाबाज

विषय डोक्यावरून जातोय तरी वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: मानवी पेशी म्हणजे कुणाच्या? कुणी दान करतं का? आणि त्या संपत कशा नाहीत?

---

काटेसावर

लॅबकर, पुनरावृत्तीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण हेप-जी-टू दर वेळी तेच उत्तर देते आणि काही रसायनांच्या बाबतीत दर वेळी तेच *चुकीचं* उत्तर देते, त्याचं काय?

यकृताचं काम काय? बाहेरून आलेल्या रसायनाचं रूप बदलणं. ते काम सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातली एन्झाइमं करतात, आणि हेप-जी-टूमध्ये नेमकी तीच फार कमी असतात. तीन उदाहरणं देते.

पॅरासिटामॉल. जास्त मात्रेत ते यकृत जाळतं हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. पण इजा करतो तो त्याच्यापासून तयार होणारा एनएपीक्यूआय, आणि तो बनवायला सीवायपी-२ई-१ लागतं. हेप-जी-टू पॅरासिटामॉल बराच पचवते.

अफ्लाटॉक्सिन बी-१, म्हणजे बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं. ते डीएनएला चिकटतं ते एपॉक्साइड झाल्यावर. एन्झाइम नाही तर एपॉक्साइड नाही.

आणि तिसरं तुमच्या शेताजवळचं, क्लोरपायरीफॉस. मज्जातंतूंवर घाव घालतं ते त्याचं ऑक्सॉन रूप. मूळ रसायन पेशीवर ओतून "काही झालं नाही" म्हणणं म्हणजे आरोपी यायच्या आधीच साक्ष घेणं.

यकृताचाच प्रश्न असेल तर हेपा-आर-जी बघा. हिपॅटायटिस सी झालेल्या एका स्त्रीच्या यकृताच्या गाठीतून आलेली. दोन आठवडे वाढू द्यायची, मग सुमारे दोन आठवडे २ टक्के डीएमएसओ या द्रावकात ठेवायची, की ती खऱ्या यकृतपेशीसारखी वागायला लागते, एन्झाइमांसकट. महाग आहे, वेळखाऊ आहे, हे खरं.

हेप-जी-टूच वापरायची असेल तर निदान एक करा. नेहमीच्या मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ग्लुकोज भरपूर असतं, त्यामुळे या पेशी ऊर्जेसाठी मायटोकॉन्ड्रियावर विसंबून राहत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं विष दिलं तरी त्या जगतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज द्या, त्यांना मायटोकॉन्ड्रिया वापरावाच लागतो आणि लपलेलं विष बाहेर येतं. दोन्ही मिडियमचे आलेख शेजारी ठेवले की वरच्यांना दाखवायला तेवढं पुरेसं होईल.

---

पेशवाट

चहाबाज, प्रश्न बाळबोध नाही, या विषयाच्या गाभ्याचा आहे.

साधी पेशी प्रयोगशाळेत ठराविक वेळा विभागते आणि थांबते. कायम वाढत राहणाऱ्या बहुतेक लाइन कॅन्सरच्या गाठींतून आल्या आहेत, किंवा त्यांच्यात विषाणूचं जनुक घालून त्यांना अमर केलं आहे.

पहिली गाजलेली म्हणजे हीला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून तिला न विचारता घेतल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली. पेशी जगभर पसरल्या, कंपन्यांनी विकल्या. तिच्या कुटुंबाचा एका मोठ्या कंपनीबरोबरचा दावा मिटला तो थेट २०२३ मध्ये. हीलामध्ये ४६ ऐवजी साधारण ७६ ते ८० गुणसूत्रं असतात.

हेप-जी-टू अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीतली. वर्षानुवर्षं प्रौढांचा यकृत कॅन्सर म्हणून ती वापरली, नंतर नीट बघितल्यावर ती हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान वयात होणारी गाठ निघाली. एमसीएफ-७ मिशिगनमधल्या एका ननच्या छातीतल्या पाण्यातून, १९७० साली घेतलेली. टीएचपी-१ रक्ताचा कॅन्सर झालेल्या एक वर्षाच्या जपानी बाळाची.

मला हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावंसं वाटतं. फ्लास्कवर नाव आणि पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवल्या तो आकडा) असतो, पण त्यामागे कुणीतरी आजारी माणूस होता. आणि शास्त्राच्या बाजूनेही हे लागतंच: कुणाची, कुठल्या अवयवाची, कुठल्या आजारातली पेशी, हे माहीत नसेल तर तिचं उत्तर वाचणार कसं?

---

चहाबाज

पेशवाट, मनापासून धन्यवाद. म्हणजे निरोगी माणसाला काय बाधेल हे कॅन्सरच्या पेशींना विचारायचं? निळीशाईताई, तुमचं काम वाटतं त्याहून अवघड आहे.

---

वऱ्हाडी_ठसका

मी शास्त्रज्ञ नाही. घरची कपाशी आहे, भाऊ अजून शेती करतो. ताईने विचारलं रसायन कुठून शिरतं, ते मी सांगतो.

पाठीवर पंप, पंधरा-सोळा लिटरचा. झाकणातून, नळीच्या जोडातून गळते. पाठ, कंबर ओली. ओला सदरा दिवसभर अंगावर. ऑक्टोबरचं ऊन, घाम. घामेजल्या कातडीतून काय काय आत जात असेल, तुम्हीच सांगा. मग वारा फिरला की तोंडावर, डोळ्यात. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारताना माणसं दगावली, त्या हंगामात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. वर नेम धरून फवारायचं आणि तोच फवारा श्वासातून आत घ्यायचा.

द्रावण बनवताना हाताने ढवळणारेही आहेत. तेव्हा हाताला लागते ते पाण्यात मिसळलेलं नाही, बाटलीतलं कडक.

आणि एकच औषध कोणी नाही मारत भाऊ. दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, वरून स्टिकर, कधी टॉनिक. तुमच्या प्रयोगात स्टिकर एकटं आहे. शेतात ते कधीच एकटं नसते. स्टिकरमुळे औषध पानात जास्त शिरते असं दुकानदार सांगतो. मग कातडीतही जास्त शिरत असेल ना? त्याची चाचणी कुठल्या पेशीवर होते?

---

निळीशाई

वऱ्हाडीदादा, तुमचा शेवटचा प्रश्न मी माझ्या प्रस्तावात जसाच्या तसा घेणार आहे. ही माहिती आम्हाला कुठल्याच निबंधात अशी मिळत नाही.

---

बासेलकर

वऱ्हाडी_ठसका यांनी जे लिहिलंय त्यावरूनच निवड ठरते: त्वचा पहिली, डोळा आणि फुफ्फुस त्यानंतर, यकृत सर्वांत शेवटी. निळीशाईंच्या यादीत यकृत पहिलं होतं.

मार्ग चुकला की काय होतं त्याचं उदाहरण दक्षिण कोरियातलं. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात होती. त्यात वापरलेलं पीएचएमजी त्वचेला किंवा तोंडावाटे तसं सौम्य समजलं जायचं. पण ह्युमिडिफायरने त्याचे बारीक थेंब हवेत सोडले आणि लोकांनी ते रात्ररात्र श्वासावाटे घेतले. २०११ मध्ये सोलमध्ये बाळंतिणी आणि गरोदर स्त्रिया फुफ्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात आल्या, तेव्हा उलगडा झाला. त्वचेच्या पेशींवर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी हे दिसलं नसतं.

आता ए-५४९ बद्दल. ती लोक डोळे मिटून घेतात. पण तिच्यात केईएपी-१ हे जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे एनआरएफ-२ ही संरक्षण यंत्रणा सतत चालू असते. ऑक्सिडेशनचा ताण देणाऱ्या रसायनाला ती निरोगी पेशीपेक्षा जास्त तोंड देते. सुरक्षिततेच्या चाचणीत असा दणकट साक्षीदार धोक्याचा. शिवाय तिचे पेशींमधले सांधे घट्ट नसतात, फुफ्फुसाचा पडदा म्हणून ती कमकुवत. कॅलू-३ घट्ट पडदा बनवते. ती जाळीवर वाढवून वरची बाजू हवेला उघडी ठेवायची, खालून मिडियम द्यायचं आणि फवारा वरून सोडायचा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. स्टिकर म्हणजे सर्फॅक्टंट, साबणासारखा पसरवणारा घटक. पाण्यात बुडालेल्या उघड्या पेशीवर सर्फॅक्टंट घातलं की ते पेशीचं आवरणच विरघळवतं. तिथे यकृत काय, मूत्रपिंड काय, सगळ्या लाइन साधारण त्याच मात्रेला मरतात. चार लाइनचे चार आयसी-५० एकमेकांच्या आसपास येतील आणि तुमची रसायनांची क्रमवारी लागेल ती फक्त कुठलं जास्त फेसाळ याची. इथे लाइन कुठली यापेक्षा ती पडदा बनवते का हे जास्त मोलाचं.

म्हणून त्वचेसाठी हॅकॅटवर थांबू नका. मानवी केराटिनोसाइटपासून (त्वचेच्या पेशींपासून) थरावर थर वाढवून केलेली पुनर्रचित एपिडर्मिस, म्हणजे त्वचेचा बाहेरचा भाग, मिळते, वर खऱ्यासारखा शृंगी थर (मृत पेशींचा कडक थर) असतो. ओईसीडी या चाचण्यांच्या पद्धती ठरवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी क्रमांक ४३९ त्यावरच आहे: ऊतीची जिवंत राहण्याची क्षमता ५० टक्के किंवा त्याखाली गेली की रसायन दाहक. डोळ्यासाठी तशीच कॉर्नियाची ऊती, क्रमांक ४९२. बाटलीतलं कडक द्रावणही यावर थेट ठेवता येतं, जे फ्लास्कमधल्या पेशीवर शक्यच नाही.

---

लॅबकर

बासेलकर, सर्फॅक्टंटचा मुद्दा बिनतोड. पण ज्याला तुम्ही "मिळते" म्हणता ती ऊती परदेशातून विमानाने येते, कस्टममध्ये अडकते, आणि तिचं आयुष्य दिवसांत मोजायचं असतं. बासेलमध्ये बसून हे लिहिणं सोपं आहे. निळीशाईंनी आधी स्वस्त चाळणी लावावी, त्यातून गाळून उरलेले दोन-तीन नमुने ऊतीवर न्यावेत.

---

बासेलकर

हे मान्य. फक्त चाळणीतून *वगळायचं* नाही, क्रम लावायचा. चाळणीत सौम्य दिसलेलाही एक नमुना ऊतीवर न्या, म्हणजे चाळणी बरोबर होती का हे कळेल.

---

गणेशखिंडी

सगळे "कुठली लाइन" यावर बोलतायत. तुमच्या फ्लास्कमध्ये तीच आहे हे कशावरून?

हीला इतकी जोमाने वाढते की पिपेटच्या टोकावरून एखादी पेशी दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेली तर काही आठवड्यांत तिथे हीलाच उरते. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलरने हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा लोकांना रुचलं नाही. आज चुकीच्या ओळखीच्या लाइनची आंतरराष्ट्रीय यादी आहे आणि ती शेकड्यांत जाते. तुमच्या विषयातली नावं ऐका: "निरोगी यकृत" म्हणून वापरलेली चँग लिव्हर, हीला निघाली. डब्ल्यूआरएल-६८, तीही यकृत म्हणून, हीला. एल-०२, हीला. आतड्याची म्हणून आयएनटी-४०७, हीला. आणि आजही या नावांनी निबंध छापून येतात. "आमचा अर्क निरोगी यकृतपेशींना सुरक्षित आहे" असं वाचलं की मी आधी लाइनचं नाव बघतो.

नियामक चाचण्याही यातून सुटलेल्या नाहीत. इस्ट्रोजेनसारखं वागणारी रसायनं ओळखायच्या ओईसीडी चाचणीत बीजी-१ नावाची लाइन होती, अंडाशयाची म्हणून. तपासल्यावर ती स्तनाच्या कॅन्सरची एमसीएफ-७ चीच एक जात निघाली. चाचणी चालू राहिली, लाइनचं नाव बदलून व्हीएम-७ केलं.

तेव्हा पहिला खर्च एसटीआर प्रोफाइलवर करा. डीएनएच्या ठराविक जागा तपासून मूळ नोंदीशी ताडतात, जुळणी ८० टक्के किंवा वर असली तर एकाच मूळची मानतात. पेशी मित्राच्या लॅबमधून डब्यात आणू नका. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, देशातल्या संशोधकांना सेल लाइन पुरवणारी बँक तिथेच. पुरवठ्याचे कागद जपून ठेवा, आल्या आल्या कमी पॅसेजच्या कुप्या गोठवून ठेवा आणि प्रयोग किती पॅसेजपर्यंत करणार हे आधीच लिहून टाका.

दुसरं, मायकोप्लाझ्मा. याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरपार जातो. मिडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. आणि पेशीचा चयापचय बदलतो, म्हणजे तुमचा एमटीटीचा आकडा त्याच्या हातात. नियमित पीसीआर, दुसरा इलाज नाही.

---

काटेसावर

+१. त्यात भर: ओळख बरोबर असली तरी लाइन तीच राहते असं नाही. २०१८ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या एमसीएफ-७ च्या २७ वाणांवर ३२१ औषधी संयुगं लावून पाहिली. ज्या संयुगांनी काही वाणांना जोरदार रोखलं, त्यांतली निदान ७५ टक्के इतर काही वाणांवर पूर्ण निष्प्रभ होती. नाव एकच, पेशी एकच, निकाल उलटे. लॅबकर, "जगभराच्या आकड्यांशी तुलना" करताना हे लक्षात असू द्या.

---

चहाबाज

या हीलाबाईंचा दरारा बघून मला आमच्या सोसायटीच्या सचिव आठवल्या. असो, पुढे चालू द्या!

---

अबोली_म

एक कोपरा राहिलाय: जनुकांना इजा. स्टिकरचा मूळ घटक कदाचित निर्दोष असेल, पण नमुन्यात काय अशुद्धी असेल सांगता येत नाही. मायक्रोन्यूक्लियस चाचणी (गुणसूत्रांना इजा होऊन पेशीत त्यांचे तुकडे वेगळे पडतात का ते बघणारी, ओईसीडी ४८७) करणार असाल तर टीके-६ घ्या. ती मानवी लिम्फोब्लास्टॉइड (पांढऱ्या रक्तपेशींपासूनची) आहे आणि तिचं पी-५३ (इजा झालेल्या पेशीला थांबवणारं जनुक) शाबूत आहे. पूर्वी सीएचओ, व्ही-७९ अशा हॅमस्टरच्या लाइनवर हे व्हायचं, त्यांचं पी-५३ बिघडलेलं. इजा झालेली पेशी थांबायला हवी ती थांबत नाही, विभागत सुटते, आणि मग प्रत्यक्षात निरुपद्रवी रसायनंही दोषी दिसतात. पी-५३ शाबूत असलेल्या मानवी पेशी घेतल्यावर असे खोटे आरोप कमी झाले.

तुमची हॅकॅट मात्र या कामाला नको, तिचं पी-५३ बदललेलं आहे.

---

सातपुडा

हे सगळं पटलं तरी मला एक गोष्ट डाचते. यादीत आपल्याकडच्या माणसाची पेशी कुठे आहे? बहुतेक लाइन गोऱ्या दात्यांच्या. आपल्याकडे एनएटी-२ हे काही औषधांचं रूप बदलणारं एन्झाइम मंद असलेली माणसं खूप, टीबीचं आयसोनियाझिड देताना डॉक्टरांना हे माहीत असतं. माणसागणिक फरक असतोच. एका दात्याच्या पेशीने साऱ्या शेतमजुरांसाठी कौल कसा द्यावा?

---

बासेलकर

सातपुडा, हा प्रश्न जगभर विचारला जातोय. एका मोठ्या अभ्यासात १,०८६ माणसांच्या लिम्फोब्लास्टॉइड लाइनवर १७९ रसायनं तपासली. उद्देश हाच: माणसामाणसात फरक किती पडतो ते मोजणं, नेहमीचा दहापटीचा सुरक्षा गुणक गृहीत न धरता. काही रसायनांसाठी दहापट पुरते, काहींसाठी नाही. पण निळीशाईंच्या तीन लाइनमध्ये हे बसणार नाही. त्यांनी पुनर्रचित त्वचेच्या दोन वेगळ्या दात्यांच्या खेपा घेता आल्या तर घ्याव्यात आणि अहवालात दाता, वय, लिंग लिहावं. एवढं केलं तरी पुष्कळांपेक्षा पुढे.

---

मोगरा_वेल

अवांतर, पण विचारते. प्राणी नको म्हणून पेशी घेतल्या, आणि पेशी वाढवायला गाईच्या गर्भाचं सीरम? हे कुणाला खटकत नाही का? आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचणीवर २०१४ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी मानवी पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर वाढवलेली अवयवाची छोटी प्रतिकृती) यांना जागा मिळाली. मग सीरमचं काय?

---

पेशवाट

अवांतर अजिबात नाही. खटकतं, आणि शास्त्राच्या बाजूनेही अडचण आहे. सीरममधली प्रथिनं रसायनाला धरून ठेवतात, सर्फॅक्टंटला तर हमखास. १० टक्के सीरममध्ये सौम्य दिसलेलं स्टिकर सीरमशिवाय जहाल निघू शकतं. कातडीवर सांडलेल्या थेंबाभोवती सीरम नसतं. टीके-६, टीएचपी-१ च्या प्रमाणित पद्धतींत ते लागतं, पण पुनर्रचित ऊती बऱ्याचदा सीरमविना वाढतात. मानवी प्लेटलेटपासूनचा पर्यायही आहे, मात्र बदल करायचा तर पेशींना हळूहळू सवय लावावी लागते आणि मग जुने आकडे तुलनेला उरत नाहीत.

---

नितळ

सेल लाइनइतकंच मोजण्याच्या पद्धतीकडे बघा. एमटीटीत जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करते. पण रसायनच जर रंग बदलणारं असेल, म्हणजे क-जीवनसत्त्व, वनस्पतींचे अर्क वगैरे, तर मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. पेशी न घालता फक्त रसायन आणि एमटीटी एकत्र करून बघा. ऊतीसाठी गोठवून मारलेली ऊती समांतर ठेवायची असते. बाजारात "हर्बल" स्टिकरही मिळतात, तिथे ही काळजी जास्त.

हार्मोनचा विचार करत असाल तर: एमसीएफ-७ वाढवायच्या मिडियममधला लाल रंग, फिनॉल रेड, स्वतःच अंमळ इस्ट्रोजेनसारखा वागतो. तो नसलेलं मिडियम आणि कोळशाने धुतलेलं सीरम लागतं. काही जुन्या स्टिकरमध्ये नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट असतात, त्यापासून होणारं नॉनिलफिनॉल इस्ट्रोजेनसारखं वागतं. यादीत असं काही दिसलं तर हीलापासून केलेली हीला-९९०३ लाइन त्या कामाची आहे, ओईसीडी ४५५ मध्ये आहे.

---

अबोली_म

आणि प्रिझर्व्हेटिव्ह! पाण्यात बनवलेल्या स्टिकरमध्ये आयसोथायाझोलिनोन असण्याची शक्यता दाट. ते ॲलर्जी आणणारं म्हणून कुप्रसिद्ध. फवारणाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षं खाज सुटते ती अशानेही असू शकते. त्यासाठी एच-क्लॅट ही ॲलर्जीची चाचणी: टीएचपी-१ वर २४ तास, मग सीडी-८६ आणि सीडी-५४ ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं वाढली का ते बघायचं. पण अख्खं स्टिकर घालू नका, सर्फॅक्टंट पेशी फोडेल आणि काहीच वाचता येणार नाही. प्रिझर्व्हेटिव्ह वेगळं मिळवून तपासा.

---

वऱ्हाडी_ठसका

अबोलीताई, हाताची खाज आमच्याकडे कोणी आजार मानतच नाही. "फवारणीची खाज" म्हणतात, खोबरेल लावतात.

माझा प्रश्न राहिला. स्टिकरमुळे औषध कातडीतून जास्त शिरते का?

---

काटेसावर

दादा, तुमच्या प्रश्नाला सेल लाइन नाही, त्वचाच लागते. ओईसीडी ४२८: शस्त्रक्रियेत काढलेली मानवी त्वचा, संमती घेऊन मिळवलेली, दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवतात. वर द्रावण, खाली द्रव, आणि खाली किती उतरलं ते ठराविक वेळांनी मोजतात. एकदा औषध एकटं, एकदा स्टिकरसह. फरक थेट दिसतो. सर्फॅक्टंट शृंगी थरातली चरबी हलवतात, त्यामुळे शंका रास्तच आहे. पुनर्रचित त्वचा यासाठी कमी विश्वासाची, कारण ती खऱ्या त्वचेपेक्षा जास्त झिरपू देते.

---

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून आराखडा बदलला आहे, इथे मांडते. त्रुटी दाखवा.

हेक-२९३ रद्द. लायडनमध्ये १९७३ साली भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडेनोव्हायरसचा डीएनए घालून ती केली, आणि गुणधर्म बघता ती मूत्रपिंडाच्या कामाची उरलेली नाही. ए-५४९ ऐवजी कॅलू-३, हवेला उघडी ठेवून. हॅकॅट फक्त पहिल्या चाळणीला, सीरमसह आणि सीरमशिवाय, न्यूट्रल रेड (जिवंत पेशी शोषतात तो रंग मोजणं) आणि एमटीटी दोन्ही. त्यातून सर्वांत जहाल दोन आणि सर्वांत सौम्य एक नमुना पुनर्रचित त्वचा आणि कॉर्नियावर. टीके-६ वर मायक्रोन्यूक्लियस. यकृत या फेरीत नाही. त्वचेतून किती आत जातं हे कळल्यावर आणि गरज दिसली तर हेपा-आर-जी.

एसटीआर आणि मायकोप्लाझ्मा आधी, त्याशिवाय एकही प्लेट लावायची नाही.

मात्रा वऱ्हाडीदादांच्या सांगण्याप्रमाणे दोन: पंपातली (लेबलवर असेल ती) आणि बाटलीतली कडक. त्वचेतून शिरण्याची चाचणी आमच्याकडे होत नाही, ती करणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवायची म्हणून वेगळा खर्च मागितला आहे.

---

लॅबकर

आराखडा चांगला आहे. कॅलू-३ चा पडदा तयार झाला का हे विद्युत रोध मोजूनच ठरवा, दिवस मोजून नको. आणि सौम्य नियंत्रण म्हणून नुसतं पाणी ठेवू नका. सोडियम लॉरिल सल्फेट ठेवा, सगळ्यांना माहीत असलेला दाहक, म्हणजे तुमच्या स्टिकरला मोजपट्टी मिळेल.

---

गणेशखिंडी

सौम्य नव्हे, *दाहक* नियंत्रण म्हणायचंय ना? सौम्य म्हणून बफर ठेवा, दाहक म्हणून ५ टक्के सोडियम लॉरिल सल्फेट. पुनर्रचित त्वचेच्या पद्धतीत तेच आहे.

---

लॅबकर

हो, दोन्ही. बफर आणि लॉरिल सल्फेट.

---

वऱ्हाडी_ठसका

ताई, दुकानात सर्वांत जास्त खपणारी स्टिकर कोणती ते भावाला विचारून तुम्हाला निरोपात कळवतो. घटक बाटलीवर लिहिलेलेच नसतात बऱ्याचदा, पण फोटो पाठवतो. आणि एक सांगतो, लेबलवर लिटरला अर्धा मिली लिहिलं असेल तरी लोक झाकणाने टाकतात. झाकण किती मिलीचं ते मोजून तीपण एक मात्रा धरा.

---

निळीशाई

धरते. झाकणाचाही फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.